मंगळवारची बाई

४ मार्च २०२५, मंगळवार

सरकारी रजिस्टर वेगळं आहे. त्यात रुग्णाचं नाव, वय आणि गोळ्या किती दिल्या एवढंच मावतं. ही वही माझी स्वतःची. माझी चिडचिड कुठेतरी ठेवायला पाहिजे, नाहीतर ती रोज ड्रायव्हरच्या डोक्यावर पडते.

गेल्या आठवड्यात जीप मिळाली. एक जीप, एक नर्स म्हणजे मी, रंजीता, आणि एक ड्रायव्हर, मुखरू. ज्यांचा आजार आता बरा व्हायचा नाही त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचं दुखणं कमी करायचं, एवढंच आमचं काम. कागदावर त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आमच्या रुग्णालयातले लोक विचारतात, ‘‘बरं करायचंच नसेल तर जाता कशाला?’’ पहिल्या दिवशी मी समजावून सांगितलं, आता नुसतं हसते.

सहा महिन्यांचा प्रयोग आहे. तो जमला तर जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत अशा जीपा निघतील, नाही जमला तर ही जीपही लसीकरणाला परत जाईल. पुढे येणाऱ्या सिस्टरांसाठी मार्गदर्शिका लिहायचं काम डॉ. निशांनी माझ्यावर टाकलंय. त्या आमच्या मेडिकल ऑफिसर, वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण डोकं थंड. मी अकरा नियम लिहून काढले. चौथा नियम मला सगळ्यांत आवडतो: रुग्णाच्या घरी काहीही घेऊ नये, पाणीसुद्धा नाही. बावीस वर्षं नोकरी केली, कुणाची मिंधी राहिले नाही.

मुखरूच्या पोटाला मात्र हा नियम लागू नाही. रुग्णभेट म्हणजे त्याला पंगत वाटते. आज तीन घरं झाली, तिन्ही ठिकाणी तो जेवला.

११ मार्च, मंगळवार

कोसमटोल्याला गेलो. अडतीस किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ नुसतेच खड्डे. इसरू आत्राम, वय अंदाजे पासष्ट. लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, प्रोस्टेटचा कॅन्सर, आता कमरेच्या नि पाठीच्या हाडांत उतरलाय. नागपूरहून घरी पाठवलंय. बायको मंगलीबाई, मुलगा दिनेश. दिनेश माजरीकडे कोळशाच्या टिप्परवर आहे, आज मुद्दाम सुट्टी काढून आला होता.

दुखणं मोजायला मी चिंचोके ठेवते. शून्य ते दहा आकडे विचारले की लोक नुसते तोंडाकडे बघतात, म्हणून ही माझी युक्ती. दहा चिंचोके समोर ठेवायचे, जेवढं दुखतं तेवढे उचला म्हणायचं. इसरूभाऊंनी पाच उचलले. दिनेश म्हणाला, ‘‘बाबा, खरं सांग नं. रातभर झोपत नाई तू.’’ तेव्हा माझ्याकडे बघत बघत त्यांनी आणखी दोन उचलले, जणू माझ्या ताटातले घेतायत.

डॉ. निशांनी लिहून दिलेली मॉर्फिनची गोळी सुरू केली, दर चार तासांनी एक. कागदावर सूर्याची चित्रं काढून दिली, कोणत्या वेळी कुठे सूर्य असतो ते. मंगलीबाईंना एकदाच सांगावं लागलं.

इसरूभाऊ गावाचे गायता आहेत, म्हणजे गावदेवाचं सगळं तेच करतात. मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. पेशंटला हे विचारायचं असतं, प्रशिक्षणात शिकवलंय. ते म्हणाले, ‘‘आंब्याचा पंडुम होये पावतर बसता आलं पाह्यजे. मंग इथीच मरतो, कुठी नेऊ नका.’’ पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण; तो झाल्याशिवाय त्यांच्या गावात कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही, आणि पहिला आंबा यांच्या हातून द्यायचा असतो. मी म्हटलं, बसाल.

म्हटलं खरं. गाडीत बसल्यावर वाटलं, देवानं ऐकलं नाही तर?

निघताना मंगलीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडले. मुखरू मागे अर्धा तास आंबील पीत बसला.

१८ मार्च, मंगळवार

तीन! एका आठवड्यात सातावरून तीन. इसरूभाऊ बाजेवर उठून बसलेले, पाठ खांबाला टेकलेली, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. मागच्या वेळी उघडेच होते. ‘‘जोहार बाई, बरं हाये,’’ म्हणाले, माझ्याकडे बघून हसले, रस्ता कसा होता विचारलं. मला इतका आनंद झाला की गाडीत मी मुखरूला स्वतःहून चहा पाजला.

डॉ. निशांनी फोनवर विचारलं, ‘‘सिस्टर, हाडांचं दुखणं आहे, एवढ्या डोसमध्ये भागतंय? वाढवायचं का?’’ मी सांगितलं, गरज नाही, पेशंट बसून बोलतो.

२५ मार्च, मंगळवार

दोन चिंचोके. शर्ट तोच, इस्त्री केल्यासारखा, नुकताच घडी मोडलेला. इसरूभाऊंच्या कपाळावर घाम होता, पण ऊन फार तापलंय. पंधरा मिनिटांत तपासणी आटोपली. आता वेळेवर निघता येतं, एका दिवसात चार गावं होतात.

परतताना मुखरू म्हणाला, ‘‘मॅडम, इसरूभाऊचं मले बरोबर नाई वाटून राह्यलं.’’

मी म्हटलं, ‘‘चिंचोके दोन आहेत.’’

‘‘चिंचोक्याचं नाई म्हणत मी.’’

‘‘मग कशाचं म्हणतोस? तू रस्ता बघ.’’ समोर खरोखरच बैल होता. त्यानं ब्रेक दाबला. याला दोन घास जेवू घातले की हा डॉक्टर होतो.

३ एप्रिल, गुरुवार

जिल्ह्याला पहिला अहवाल गेला. चौदा रुग्ण, त्यात सगळ्यांत चांगला आलेख इसरूभाऊंचा. सात, तीन, दोन, दोन. वरून फोन आला, ‘‘सिस्टर, छान उतरतोय.’’ मला दिवसभर जमिनीवर पाय ठरेनात.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं. हे गेले त्याला दोन वर्षं होतील. नागपूरला मीच नेलं होतं. घरी राहतो म्हणत होते, मी ऐकलं नाही. शेवटचे एकोणीस दिवस ते आयसीयूच्या काचेच्या आत आणि मी बाहेर. पण एक समाधान आहे, त्यांना त्रास नव्हता. तोंडात नळी होती तरी रोज मला बघितलं की अंगठा वर करायचे.

याच्यापुढे लिहीत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

इसरूभाऊ दोन. बाजेच्या कडेची सुंभाची दोरी एका जागी पार झिजून तुटलीय. मी म्हटलं दुसरी विणून घ्या, अंगाला टोचेल. मंगलीबाई फार वाळल्यात. निघताना माझ्यामागे परसाच्या कुडापर्यंत आल्या, ‘‘बाई, एक सांगतो...’’ म्हणाल्या, तेवढ्यात आतून इसरूभाऊंनी हाक मारली आणि त्या परत गेल्या. काहीतरी मागायचं असेल, संकोचतात बिचाऱ्या. पुढच्या वेळी बाजूला घेऊन विचारीन.

मुखरूनं आज पुन्हा तोंड उघडलं. ‘‘मॅडम, तुमी एकडाव त्यायच्या घरी...’’ मी हात दाखवला. त्याला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. एकदा जेवा म्हणेल. एका घरी जेवलं की चौदा घरी जेवावं लागतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आजचं जसं झालं तसं लिहिते.

आज एक चिंचोका. इसरूभाऊंनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘लय फरक हाये बाई, तुमच्या हाताले गुण हाये.’’ मी खूश होऊन निघाले. नाल्याशी पोचल्यावर लक्षात आलं, औषधांच्या पेटीची किल्ली त्यांच्या ओट्यावरच राहिली. मुखरूला म्हटलं तू गाडी वळव, मी पायीच जाते, दोन मिनिटांची वाट.

घराजवळ आले तर आधी आवाज ऐकला. मला वाटलं गोठ्यात जनावर अडलंय.

इसरूभाऊ बाजेवर कुशीवर होते, गुडघे पोटाशी. दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबलेला. एका हातानं बाजेची दोरी पिळत होते. पांढरा शर्ट घडी करून दांडीवर टाकलेला. मंगलीबाई चुलीवर फडकं शेकून कमरेवर दाबत होत्या आणि रडत होत्या. दहा मिनिटांपूर्वी हा माणूस बसून माझ्याशी हसला होता.

त्यांनी मला बघितलं. मग जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी शर्टाकडे हात नेला. उठून बसायला लागले.

मी त्यांना धरून झोपवलं. ‘‘का नाही सांगितलं? अहो, का नाही सांगितलं मला?’’ मी ओरडलेच. पेशंटवर ओरडू नये हा माझाच सातवा नियम.

तोंडातला बोळा काढून दम खात ते म्हणाले, ‘‘तुमी एवढ्या दुरून येता बाई. धुळीनं भरून येता. तुमाले ‘बरं नाई’ म्हणून वापस कसं धाडाव?’’

मंगलीबाईंनी डोळे पुसले. ‘‘पाव्हण्याले दुखणं दाखवत नाई आमच्याइथी. तुमी यायच्या दिवशी सकाऊनच शर्ट मांगते, मले उठवून बसव म्हणते. तुमी गेल्या का असं होते. मुखरूभाऊले सारं माहीत हाये, तो जेवते नं घरी. तुमी तं पाणीबी नाई घेत.’’

जास्तीची गोळी दिली. ती लागू होईपर्यंत पाऊण तास मी तिथे जमिनीवर बसून होते. महिनाभर मी मंगळवारी येऊन त्या माणसाला उठवून बसवत होते. माझ्यासाठी बसायचा तो.

गाडीत मी मुखरूवर तुटून पडले. तुला माहीत होतं, मग मला का सांगितलं नाहीस. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सांगतलं जी. तीनदा सांगतलं. तुमी म्हणाल्या, रस्ता पाह्य.’’

घरी येऊन या वहीची मागची पानं उलटली. दोनदा तर माझ्याच अक्षरात लिहिलंय.

१६ एप्रिल, बुधवार

डॉ. निशांना सगळं सांगितलं. वाटलं होतं झापतील. त्यांनी नवा डोस लिहून दिला, जवळजवळ दुप्पट, हाडांच्या दुखण्यासाठी आणखी एक गोळी, आणि म्हणाल्या, ‘‘आजच जा. मंगळवारची वाट बघू नका.’’

गेले. पायातल्या चपला काढून सरळ चुलीपाशी बसले आणि मंगलीबाईंना म्हटलं, भूक लागली. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मुखरूकडे बघितलं. मुखरू आढ्याकडे बघत होता. पळसाच्या पानावर भात, वर कुळथाची पातळ आमटी, बाजूला वाळलेली मासोळी. मी मासोळी खात नाही. खाल्ली. वरून गाडग्यातलं पाणी प्यायले. इसरूभाऊ आडवे पडून माझं जेवण बघत होते. ‘‘आनखी वाढ तिले,’’ म्हणाले.

हात धुऊन चिंचोके ठेवले. त्यांनी नऊ उचलले. एक खाली राहिला, त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘‘हा रातच्यासाठी.’’

मी रडले. त्यांच्यासमोरच. नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

मार्गदर्शिकेतला चौथा नियम खोडला. त्या जागी लिहिलं, ‘आधी त्यांच्या घरचं काहीतरी घ्यावं, मग दुखणं विचारावं.’ सरकारी कागदात हे शोभत नाही हे मला कळतं. शोभो न शोभो.

२२ एप्रिल, मंगळवार

चार. आणि हे चार माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले चार.

मी गेले तेव्हा इसरूभाऊ उघडे, भिंतीकडे तोंड करून झोपलेले. माझा आवाज ऐकून उठले नाहीत. नुसता हात हलवला आणि म्हणाले, ‘‘बसा बाई, आत्ताच डोळा लागला होता.’’ आणि परत झोपले. मी तासभर बसून राहिले. मंगलीबाई नि मी मोहाची फुलं वाळत घातली. त्यांनी सांगितलं, चार रात्री झाल्या, दोघंही झोपतात.

पोट साफ होत नाही ही नवी तक्रार, आणि ती त्यांनी मला सविस्तर सांगितली. आता काही लपवत नाहीत. औषध दिलं. मुखरू बाहेर बसून हसत होता.

तालुक्याच्या कचेरीतून मात्र विचारणा आलीय. एका घरी दोन तास कसे लागले? डिझेल, वेळ, गावांची संख्या, सगळं खाली आलंय. चार गावांची दोन झालीत. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. असं जेवत बसले तर जिल्ह्यातल्या सगळ्या घरी कोण पोचणार?

२९ एप्रिल, मंगळवार

कोसमटोल्याच्या वळणावरच एक भाड्याची गाडी उभी दिसली. दिनेश माजरीहून आला होता, बापाला नागपूरला न्यायला. मंगलीबाई दारात आडव्या बसलेल्या.

मला बघून तो उसळला. ‘‘तुमी गोळ्यायनं झोपवून ठेवून राह्यले बाबाले. पह्यले बसत होता, बोलत होता. आता दिवसभर झोपते. हे कोणतं इलाज होये?’’

त्याचं चूक नव्हतं. फोनवर त्याला प्रत्येक मंगळवारी कळायचं, बाबा बसले, बाईशी बोलले. आता कळत होतं, बाबा झोपले. मी त्याला दुपट्ट्याचा बोळा, दोरी, शर्ट सगळं सांगितलं. तो ऐकून घेईना.

‘‘मंग मी काहीच नाई करू? लोक म्हणतीन, पोरानं बापाले घरीच मरू देल्लं.’’

मार्गदर्शिकेत अशा वेळी काय बोलायचं ते लिहिलंय. मीच लिहिलंय. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी त्याला ह्यांचं सांगितलं. अंगणात, गावासमोर. मी कसं भांडून त्यांना नागपूरला नेलं, एकोणीस दिवस, काच. म्हटलं, ‘‘लोकांनी मला नावं नाही ठेवली दिनेश. सगळे म्हणाले, बाईनं फार केलं. आणि त्यांना त्रासही नव्हता, रोज माझ्याकडे बघून अंगठा...’’

तो अंगठा.

काच होती. मी बाहेर उभी होते. पाहुणीसारखी. भेटायच्या वेळेला यायचे, मी दिसले की अंगठा वर व्हायचा, आणि वेळ संपली की मी खाली उतरायचे. नंतर काय व्हायचं ते मला कधी दिसलं नाही. मी जाऊन कधी बघितलं नाही.

मी तिथेच अंगणात बसले. मंगलीबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग मी दिनेशला म्हटलं, मला नको विचारू, तुझ्या आईलाही नको. आधी बापाजवळ बसून जेव, मग त्यांनाच विचार.

तो जेवला. मग त्यानं विचारलं. मी बाहेर होते पण ऐकू आलं.

इसरूभाऊ म्हणाले, ‘‘मी इथी हाये तं तू माजरीत काऊन हायेस बापा? न्यायचं रायते तं मले नोको नेऊ. तू इथी ये.’’

गाडी रिकामीच परत गेली. दिनेश राहिला.

६ मे, मंगळवार

आज आंब्याचा पंडुम. तीन आठवड्यांपूर्वी कुणी म्हटलं असतं की इसरूभाऊच तो करतील, तर मी पैजच लावली नसती.

सकाळी लवकर गेलो. अर्धा तास आधी जास्तीची गोळी दिली. दिनेश आणि आणखी तिघांनी बाज उचलून देवाच्या झाडाखाली नेली. मला वाटलं आडवे पडूनच करतील. पण इसरूभाऊंनी दिनेशला मागे बसायला सांगितलं, त्याच्या छातीला पाठ टेकली आणि बसले. आवाज अगदी बारीक झालाय. जे म्हणायचं ते गोंडीत म्हटलं. सगळं गाव कान देऊन ऐकत होतं, पोरंसुद्धा हलेनात.

मग एकेकाच्या हातावर आंब्याची फोड. हात कापत होता, दिनेश खालून मनगट धरत होता. बाया झाल्या, पोरं झाली, मुखरू झाला. मी मागे उभी होते. मला बोलावलं. फोड दिली आणि म्हणाले, ‘‘बाई, आज खरंच बसलो.’’

आंबट होती, दात आंबले. मी सगळी खाल्ली.

परत बाजेवर झोपवल्यावर चिंचोके पुढे ठेवले तर त्यांनी दहाही एकदम बाजूला सारले. ‘‘आज मोजू नोको.’’ रजिस्टरमध्ये रकाना रिकामा सोडलाय.

१५ मे, गुरुवार

पहाटे दिनेशचा फोन. इसरूभाऊ गेले.

रात्री थोडी आंबील प्याले होते. दिनेशनं वेळेवर गोळी दिली, सूर्याच्या कागदावर खूण केली. उजाडायच्या आधी श्वास लांब लांब पडायला लागला. मी आधीच सांगून ठेवलं होतं असं होईल, घाबरू नका, म्हणून ते घाबरले नाहीत. एका बाजूला मंगलीबाई, दुसऱ्या बाजूला दिनेश. मंगलीबाई म्हणाल्या, कण्हले नाहीत.

मी गेले. बायांमध्ये बसले. कुणीतरी सरकून जागा दिली. खूप रडले. इसरूभाऊंसाठी रडले आणि ह्यांच्यासाठीही, दोन वर्षं जे राहिलं होतं ते. मुखरू गाडीपाशी उभा राहून तोंड फिरवून रडत होता. परतताना रस्त्यानं मला एकही खड्डा लागला नाही.

५ जून, गुरुवार

जिल्ह्याची आढावा बैठक. पडद्यावर इसरूभाऊंचा आलेख लावला. सात, तीन, दोन, दोन, दोन, एक, आणि मग एकदम नऊ. तिथून चार, तीन. साहेब म्हणाले, ‘‘सिस्टर, सेवा सुरू असताना दुखणं एकावरून नऊवर गेलं?’’ आठवडाभर माझ्या मनात होतं की ते पहिले आकडे गाळावेत. कुणाला कळलं असतं? पण डॉ. निशांना दाखवून मी अहवालात आधीच लिहिलं होतं: पहिले सहा आकडे खोटे आहेत, चूक माझी आहे.

उभं राहून सगळं सांगितलं, मासोळीसकट. दोघंतिघं हसले. एक बाई डोळे पुसत होत्या. साहेबांनी विचारलं, ‘‘पण प्रत्येक घरी अशी ओळख व्हायला नर्सला महिना लागणार असेल, तर जिल्हा कसा पुरा होणार?’’ मी म्हटलं, माहीत नाही सर.

सेवा बंद केली नाही. सहा महिन्यांचे नऊ करून दिले आणि आणखी एक तालुका जोडला. जीप तीच.

१० जून, मंगळवार

नवीन रुग्ण, कोसमटोल्याच्या पलीकडच्या गावात. नीलाबाई, वय पंचेचाळीस, स्तनाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. तिकडे जाताना कोसमटोल्याच्या वळणावर मंगलीबाई उभ्या दिसल्या. खांद्याला पिशवी, पायात चपला. मला वाटलं बाजाराला निघाल्यात.

मुखरूनं गाडी थांबवली. त्यांनी दार उघडलं आणि मागे चढून बसल्या. ‘‘नीलाकडे चालल्या नं? मी येतो संगं.’’

मुखरूनंच निरोप दिला असणार. मी त्याच्याकडे बघितलं तर तो एकदम मनापासून रस्ता बघत होता. नियमात बाहेरच्या माणसाला जीपमध्ये घेता येत नाही. मी औषधांची पेटी सरकवून त्यांना जागा केली.

नीलाबाई दारातच उभ्या होत्या. केस विंचरलेले, नवं लुगडं, पदर छातीवरून घट्ट ओढलेला. जवळ गेल्यावर जखमेचा वास आला. मी ओट्यावर बसले, पाणी मागून प्यायले, मग चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, आणि विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ‘‘बरं हाये जी. थोडंसंच हाये.’’

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पाणी झालं, चहा झाला, तरी तेच.

मंगलीबाई आतापर्यंत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि नीलाबाईंना खेटून बसल्या. त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

‘‘माह्या नवऱ्यानं या बाईपासून महिनाभर लपवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिले वाईट वाटू नाई म्हणून. लय भला मानूस होता. तू तेवढी भली नोको होऊ.’’

नीलाबाई खाली मान घालून बसल्या. बाहेर मुखरू कुणाशीतरी पावसाचं बोलत होता. मग त्यांनी एकदा मंगलीबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूहळू पदर बाजूला केला.